वड्याचे तेल वांग्यावर: अमेरिकी भाषणांतला ‘विसरलेला माणूस’

आडगावकर

२० जानेवारी २०१७ रोजी शपथ घेतल्यानंतरच्या भाषणात डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘देशातल्या विसरलेल्या स्त्री-पुरुषांना’ यापुढे कोणी विसरणार नाही, असे आश्वासन दिले. हे शब्द वर्गाबद्दलचे होते की वर्णाबद्दलचे, म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याच्या गावातला गोरा मतदार आपल्या पोटासाठी चिडला होता की आपल्या कातडीसाठी, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो, आणि त्याचे कारण या ‘विसरलेल्या माणसा’च्या कुळकथेतच सापडते.

हा माणूस प्रथम पुढे आणला तो येल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम ग्रॅहम समनर यांनी, १८८३ मध्ये. त्यांची मांडणी शाळेतल्या गणितासारखी होती. अ आणि ब हे दोन परोपकारी गृहस्थ एकत्र बसतात आणि गरजू ड साठी क ने काय करावे हे परस्पर ठरवून टाकतात. क ला मात्र कोणी विचारत नाही. तो आपले काम करतो, कर भरतो आणि गप्प राहतो. समनर यांचा विसरलेला माणूस म्हणजे हा क. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, महामंदीच्या ऐन भरात, ७ एप्रिल १९३२ रोजी न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी रेडिओवरच्या भाषणात तोच शब्द उचलला आणि त्याचा अर्थ पार उलटा केला. त्यांचा विसरलेला माणूस आर्थिक पिरॅमिडच्या तळाशी होता, म्हणजे समनर यांच्या हिशेबातला ड. पुढे ८ ऑगस्ट १९६८ रोजी मायामी बीच येथील अधिवेशनात रिचर्ड निक्सन ‘विसरलेल्या अमेरिकनां’विषयी बोलले: जे ओरडत नाहीत, निदर्शने करत नाहीत, काम करतात, बचत करतात आणि कर भरतात. शब्द पुन्हा क कडे परतला.

निक्सन यांनी त्या भाषणात हे लोक गोरे आहेत तसेच कृष्णवर्णीयही आहेत, असे आवर्जून म्हटले होते. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन शंभराहून अधिक शहरांत दंगली उसळल्या होत्या, आणि ओरडणारे म्हणून टीव्हीवर कोणाचे चेहरे दिसत होते हे प्रत्येक श्रोत्याला ठाऊक होते. समनर यांच्या गणितात अक्षरांना रंग नव्हता. अमेरिकेत ती अक्षरे भाषणातून श्रोत्यांपर्यंत पोहोचेपर्यंत त्यांना रंग चढतो. माझे म्हणणे असे की वर्गाची चीड बहुतेक वेळा खरीच असते, ती पेरावी लागत नाही. ती कोणावर काढायची हे मात्र वर्ण ठरवून देतो, आणि या देशातल्या वक्तृत्वाचे निम्मे कसब त्यातच खर्ची पडले आहे. वड्याचे तेल वांग्यावर काढणे आपल्याला नवे नाही. तिथे मात्र वांगे कोणते हे आधीपासून ठरलेले असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला जॉर्जियाच्या टॉम वॉटसनमध्ये दिसते. कापसाचे भाव कोसळत होते, पीक हाती येण्याआधीच दुकानदाराकडे गहाण पडत होते, रेल्वे आणि बँका यांच्या कचाट्यात शेतकरी सापडला होता. त्या असंतोषातून १८९२ मध्ये पीपल्स पार्टी या नावाचा पक्ष राष्ट्रीय पातळीवर उभा राहिला. वॉटसन हा त्याचा दक्षिणेतला सर्वांत धारदार वक्ता. त्याच वर्षी त्याने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुळांना उद्देशून लिहिले की, तुमची कमाई वेगवेगळी लुबाडता यावी म्हणून तुम्हाला वेगळे ठेवले जाते, आणि तुम्हा दोघांना गुलाम करणाऱ्या आर्थिक जुलमाच्या कमानीचा मधला दगड म्हणजे तुमचा परस्परद्वेष. हे नुसते लिहिणे नव्हते. त्याच्यासाठी प्रचार करणाऱ्या एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाला झुंडीने मारण्याची धमकी आली, तेव्हा वॉटसनने त्याला आश्रय दिला आणि बंदुका घेतलेले गोरे शेतकरी त्याच्या रक्षणासाठी जमले. १८९२ च्या जॉर्जियात हे घडले, हे वाचताना मी दोनदा तारीख तपासली होती.

पण वॉटसन ती निवडणूक हरला. ऑगस्टा शहरात पात्र मतदारांपेक्षा कितीतरी अधिक मते पडली. डेमोक्रॅट जमीनदारांनी आपल्या मळ्यांवरच्या कृष्णवर्णीय मजुरांची मते धाकाने आणि पैशाने आपल्याकडे वळवली. १८९६ मध्ये पक्ष फुटला आणि वॉटसन काही वर्षे घरी बसला. तो परत आला तेव्हा त्याने निष्कर्ष काढला होता की कृष्णवर्णीयांचे मत ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती सत्ता. म्हणून ते मतच काढून घ्यावे. ज्या जमीनदाराने मते पळवली त्याच्यावरचा राग ज्याचे मत पळवले गेले त्याच्यावर निघाला. १९०६ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत त्याने याच अटीवर होक स्मिथ यांना पाठिंबा दिला. त्या विखारी प्रचारानंतर सप्टेंबरमध्ये अटलांटात कृष्णवर्णीयांची कत्तल झाली, आणि १९०८ मध्ये जॉर्जियाने घटनादुरुस्ती करून त्यांचा मताधिकार जवळजवळ संपवला.

याचा शेवट १९१५ मध्ये झाला. अटलांटातल्या पेन्सिलींच्या कारखान्यातल्या तेरा वर्षांच्या एका कामगार मुलीच्या खुनाबद्दल कारखान्याचा ज्यू व्यवस्थापक लिओ फ्रँक याला फाशीची शिक्षा झाली होती. पुराव्याबद्दल शंका वाटल्याने गव्हर्नरने ती जन्मठेपेवर आणली. वॉटसनच्या नियतकालिकांनी आठवड्यामागून आठवडे पेटते ठेवलेले लिखाण वाचले तर त्यातला कच्चा माल वर्गाचाच दिसतो: शेती बुडाल्यामुळे शहरात येऊन तुटपुंज्या मजुरीवर राबणाऱ्या गरीब घरच्या मुली, उत्तरेतला पैसा, श्रीमंतांसाठी वाकणारा कायदा. तो माल मात्र ज्यूद्वेषाच्या साच्यात ओतला होता. १७ ऑगस्ट १९१५ रोजी झुंडीने फ्रँकला तुरुंगातून पळवून नेऊन मॅरिएटा येथे फासावर लटकवले. त्यानंतर पाच वर्षांनी वॉटसन सिनेटवर निवडून गेला.

जाणकारांनी भर घालावी, आणि जिथे माझे चुकते तिथे नि:संकोच सांगावे.

मिशिगनकर

लेख आवडला, पण तुमच्या निष्कर्षाने माझे समाधान झाले नाही. मी बावीस वर्षे डेट्रॉईटच्या उत्तरेला राहतो, म्हणून माझ्या शेजारच्या मॅकोम काउंटीबद्दल लिहितो. मोटार कारखान्यांत काम करणाऱ्या गोऱ्या कुटुंबांचा हा परिसर. १९६० मध्ये इथे डेमोक्रॅट केनेडी यांना ६३ टक्के मते होती आणि १९८४ मध्ये रिपब्लिकन रेगन यांना ६६ टक्के. हे कसे घडले हे शोधायला स्टॅन्ली ग्रीनबर्ग नावाचे मतदार अभ्यासक १९८५ मध्ये इथे आले, त्यांनी लोकांना छोट्या गटांत बसवून बोलते केले, आणि त्यांना आढळले की आपल्या आयुष्यात जे काही बिघडले त्याचे स्पष्टीकरण हे लोक डेट्रॉईटच्या कृष्णवर्णीयांकडे बोट दाखवून देतात. इथवर तुमचा सिद्धांत बरोबर बसतो.

पण याच काउंटीने २००८ आणि २०१२ मध्ये बराक ओबामा यांना विजयी केले, आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांना सुमारे ४८ हजारांचे मताधिक्य दिले. ट्रम्प यांनी संपूर्ण मिशिगन राज्य जिंकले ते अवघ्या १०,७०४ मतांनी, हे लक्षात घेतले म्हणजे या काउंटीचे वजन कळते. एका कृष्णवर्णीय उमेदवाराला दोनदा मत देणारा माणूस चार वर्षांत अचानक वर्णद्वेष्टा होत नाही. मधल्या काळात काय झाले तेही पाहावे. देशातल्या कारखानदारीतल्या नोकऱ्या २००० मध्ये १ कोटी ७० लाखांच्या वर होत्या, त्या २०१० पर्यंत सुमारे १ कोटी १५ लाखांवर आल्या. चीनला जागतिक व्यापार संघटनेत घेण्याचा निर्णय दोन्ही पक्षांच्या संमतीने झाला. आणि सभ्य समाजाने या लोकांबद्दल काय भाषा वापरली? ओबामांनी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या देणगीदारांसमोर म्हटले की हे कडवट झालेले लोक बंदुकांना आणि धर्माला चिकटून राहतात. हिलरी क्लिंटन यांनी २०१६ मध्ये, तेही निधी गोळा करण्याच्या कार्यक्रमातच, ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना तुच्छतेच्या टोपलीत टाकले. २०१२ चे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांचे, सरकारी मदतीवर विसंबणाऱ्या ४७ टक्क्यांबद्दलचे उद्गारही देणगीदारांच्याच जेवणावळीतले. श्रीमंतांच्या पंगतीत बसून गरिबांविषयी काय बोलले जाते, हे गरिबांना अशा कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांतूनच कळावे, यात काही वर्गीय नाही काय?

खवचट काका

मिशिगनकर यांच्याशी सहमत आहे. शिवाय ‘अक्षरांना रंग चढतो’ या वाक्यावर माझा आक्षेप आहे. वक्त्याने वर्णाचे नाव घेतले तर तो वर्णवादी, आणि न घेतले तर तो सांकेतिक भाषेतला वर्णवादी, असा नियम केला की मग निर्दोष सुटण्याची वाटच उरत नाही. करकपात मागणारा प्रत्येक माणूस काय वॉटसनचा पणतू आहे?

आडगावकर

काका, आक्षेप रास्त आहे, म्हणून अनुमानाऐवजी कबुलीजबाब देतो. ली ॲटवॉटर हे रेगन यांच्या व्हाईट हाऊसमध्ये काम करणारे आणि पुढे १९८८ मध्ये थोरल्या बुश यांची मोहीम चालवणारे डावपेची गृहस्थ. त्यांनी १९८१ मध्ये एका राज्यशास्त्रज्ञाला मुलाखत दिली आणि तिचे ध्वनिमुद्रण २०१२ मध्ये सर्वांना ऐकायला मिळाले. त्यात ते सांगतात की १९५४ मध्ये उघडपणे शिवी देता येत असे, १९६८ पर्यंत ती शिवी उलटू लागली, म्हणून सक्तीच्या बसवाहतुकीविषयी (म्हणजे शाळांतली वर्णविभागणी मोडण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत नेण्याविषयी) आणि राज्यांच्या हक्कांविषयी (म्हणजे केंद्राने राज्यांच्या वर्णविषयक कायद्यांत हात घालू नये, याविषयी) बोलायला सुरुवात झाली, आणि मग विषय इतका अमूर्त झाला की आता केवळ करकपातीविषयी बोलले जाते, जिचा फटका गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांना अधिक बसतो. ॲटवॉटर यांचे स्वतःचे म्हणणे असे होते की भाषा इतकी अमूर्त झाली याचा अर्थ वर्णाचा प्रश्नच विरत चालला आहे. हा युक्तिवाद तुमच्या बाजूचा आहे, तो मी लपवत नाही. करकपात मागणारा प्रत्येक माणूस वर्णवादी नसतो, हेही मान्य. मी बोलतो आहे तो भाषण लिहिणाऱ्यांबद्दल.

स्थळही बोलत असते. ३ ऑगस्ट १९८० रोजी रेगन यांनी मिसिसिपीतल्या नशोबा काउंटीच्या जत्रेत आपण राज्यांच्या हक्कांवर विश्वास ठेवतो असे सांगितले. मतदार नोंदणीच्या मोहिमेत उतरलेल्या तीन तरुणांना १९६४ च्या जूनमध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेच्या लोकांनी ठार मारले ते याच काउंटीत, जत्रेच्या मैदानापासून काही मैलांवर. भाषणाचा बराचसा भाग अर्थव्यवस्थेवर होता.

मिशिगनकर यांनी मांडलेला ओबामांचा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. त्याला माझे उत्तर अर्धेच आहे. मत आणि कैफियत या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात: २००८ मध्ये बँका बुडत असताना रागाचा पत्ता वॉल स्ट्रीट होता, आणि तो बदलण्याचे काम त्यानंतर झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये शिकागोच्या वायदेबाजारातून एका टीव्ही वार्ताहराने जो थयथयाट केला तो बँकांविरुद्ध नव्हता, तर गृहकर्ज फेडू न शकलेल्या शेजाऱ्यांविरुद्ध होता. कर आणि सरकारी खर्च यांना विरोध करणाऱ्या टी पार्टी या उजव्या चळवळीला पहिली हवा त्यातून मिळाली. समनर यांचा क पुन्हा जागा झाला, आणि या वेळी त्याच्या पाठीशी वायद्यांचे दलाल टाळ्या वाजवत उभे होते.

सांजवात

बॉस्टनची आठवण कोणी काढली नाही म्हणून लिहिते, कारण मला त्या प्रकरणात दोन्ही बाजू एकाच माणसाच्या तोंडून बोलताना ऐकू येतात.

२१ जून १९७४ रोजी संघराज्य न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी निकाल दिला की बॉस्टनच्या शाळा मंडळाने शाळा जाणूनबुजून वर्णानुसार वेगळ्या ठेवल्या आहेत. हे निखालस खरे होते. त्यावर उपाय म्हणून मुलांना बसने एकमेकांच्या वस्त्यांतल्या शाळांत पाठवायचे ठरले आणि पहिल्याच टप्प्यात साउथ बॉस्टन आणि रॉक्सबरी यांची जोडी लावली गेली: एक आयरिश वंशाच्या गोऱ्या कामगारांची वस्ती, दुसरी कृष्णवर्णीयांची, दोन्ही गरीब, दोन्हीकडच्या शाळा सुमार. सप्टेंबरमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगड पडले. त्या मुलांच्या अंगावर काचा उडाल्या, हे आधी लिहायला हवे, कारण वर्गाची चर्चा सुरू झाली की ती मुले चर्चेतून नाहीशी होतात.

आणि तरीही. न्यायाधीश गॅरिटी राहत वेलस्ली या संपन्न उपनगरात, आणि हा आदेश उपनगरांना लागू नव्हता. तो लागू होऊच नये याची सोय त्याच उन्हाळ्यात झाली: २५ जुलै १९७४ रोजी डेट्रॉईटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यांना अशा योजनेत ओढता येणार नाही. म्हणजे शहरातल्या गरीब गोऱ्यांनी आणि गरीब कृष्णवर्णीयांनी आपसांत न्याय वाटून घ्यावा, आणि ज्यांना शहर सोडून जाणे परवडले त्यांनी वर्तमानपत्रातून तो वाचावा. साउथ बॉस्टनच्या आया ‘आमच्याच मुलांनी का?’ असे विचारत होत्या तेव्हा तो प्रश्न वर्गाचा होता आणि बिनतोड होता. पण तो विचारत त्या वेलस्लीच्या दारात उभ्या राहिल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या शाळेच्या दारात, बसमधून उतरणाऱ्या मुलांसमोर. त्यांच्या पुढारी लुईझ डे हिक्स यांचे घोषवाक्य होते, ‘मी कुठे उभी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे’. वर्णाचा उल्लेख नाही, कोणाला दुखावणारा शब्द नाही, आणि अर्थाबद्दल तीळमात्र शंका नाही. खवचट काका, सांकेतिक भाषेचा याहून चांगला नमुना मला सापडलेला नाही. या बाई स्वतः न्यायाधीशाची मुलगी होत्या, हे जाता जाता.

५ एप्रिल १९७६ रोजी बॉस्टनच्या नगर सभागृहासमोर एका गोऱ्या मुलाने राष्ट्रध्वजाच्या काठीने एका कृष्णवर्णीय वकिलावर हल्ला केला. त्या छायाचित्राला पुलित्झर पारितोषिक मिळाले. सुटातला वकील आणि गरीब वस्तीतला मुलगा. वर्गाच्या पायऱ्या तिथे उलट्या आहेत, आणि काठी कोणाच्या हाती आहे ते आपण पाहतोच.

आडगावकर

सांजवात, वेलस्लीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. याला जोडून जॉर्ज वॉलेसबद्दल लिहितो, कारण ही भाषा उत्तरेत नेऊन रुजवली ती त्याने.

वॉलेस १९५८ मध्ये अलाबामाच्या गव्हर्नरपदासाठी प्रथम उभा राहिला तेव्हा तो त्या काळाच्या मानाने मवाळ होता. कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेचा त्याला पाठिंबा होता आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याला क्लॅनचा. तो हरला. १४ जानेवारी १९६३ रोजी तो गव्हर्नर झाला तेव्हा ‘विभक्तता आज, विभक्तता उद्या, विभक्तता कायमची’ ही घोषणा त्याच्या तोंडी होती. परंतु १९६८ मध्ये तिसऱ्या पक्षाचा उमेदवार म्हणून तो मिल्वॉकी आणि डेट्रॉईटमध्ये फिरला तेव्हा विभक्तता हा शब्द मागे पडला होता. त्याऐवजी होते ब्रीफकेस घेऊन फिरणारे नोकरशहा, टोकदार डोक्याचे प्राध्यापक ज्यांना सायकलही सरळ लावता येत नाही, आणि दोन्ही पक्षांत दमडीचाही फरक नाही हा दावा. कामगाराला त्याने सांगितले की तुझे मूल कोणत्या शाळेत जाईल आणि तुझे घर तू कोणाला विकशील हे हे लोक ठरवतात. वरचे शिकलेले आणि खालचे फुकटे, अशा कात्रीत सापडलेला मधला माणूस. ही मूस त्याची. पुढच्या सर्वांनी ती थोडीफार घासूनपुसून वापरली.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग बहुधा सांगितला जात नाही. सप्टेंबर १९६८ मध्ये मतचाचण्यांत वॉलेस २१ टक्क्यांच्या आसपास पोहोचला होता आणि उत्तरेतल्या कामगार संघटनांचे धाबे दणाणले होते. त्यांनी त्याच्यावर वर्णद्वेषाचा आरोप करत बसण्यापेक्षा कारखान्यांच्या दारांत पत्रके वाटली: अलाबामात मजुरी किती कमी आहे, तिथे संघटनांची अवस्था काय आहे, कामगाराच्या पदरात काय पडते. नोव्हेंबरमध्ये वॉलेसला १३.५ टक्के मते मिळाली आणि पाच राज्ये जिंकली ती सगळी दक्षिणेतली. घसरणीला इतरही कारणे होती. अणुबाँबबद्दल बेफिकीर बोलणारे जनरल लमे यांना उपाध्यक्षपदासाठी निवडणे हे त्यांतले एक. तरीही पत्ता दुरुस्त करता येतो याचा हा पुरावा मला वाटतो. त्या संघटनाच आता फारशा उरलेल्या नाहीत: १९५० च्या दशकात साधारण तीनांपैकी एक कामगार संघटनेत असे, आज दहांपैकी एक.

आठ डॉलर

बराच वेळ वाचत होते. आता आपल्या घराकडे वळावे म्हणते, कारण आपण या कथेत प्रेक्षक नाही. मी न्यू जर्सीत १९९८ पासून आहे आणि माझे सासरे १९६९ मध्ये आले. ते प्रत्येक दिवाळीला सांगतात की आपण खिशात आठ डॉलर घेऊन आलो आणि कोणापुढे हात पसरला नाही. मग ‘त्यांना’ कशाला सरकारी मदत लागते? ‘त्यांना’ म्हणजे कोणाला, हे आमच्या जेवणाच्या टेबलावरही सांगावे लागत नाही. आठ डॉलर खरे होते, कारण भारत सरकार त्याहून अधिक परकीय चलन देत नसे. पण त्यांच्या खिशात अभियांत्रिकीची पदवीही होती, आणि अमेरिकेचे दार उघडले ते १९६५ च्या कायद्याने, जो शिकलेल्यांना प्राधान्य देत होता आणि ज्याच्यामागे नागरी हक्क चळवळीने तयार केलेले वातावरण होते. हा हिशेब त्यांना सांगायला मला बरीच वर्षे लागली. त्यांनी ऐकून घेतले आणि दही मागितले.

याच राज्यात १९८७ मध्ये, जर्सी सिटीत, कपाळावरच्या कुंकवावरून स्वतःला नाव देणाऱ्या एका टोळीने वर्तमानपत्राला पत्र पाठवून भारतीयांना शहरातून हुसकावण्याची घोषणा केली होती, मारहाणी झाल्या होत्या, आणि शेजारच्या हॉबोकनमध्ये एका भारतीयाचा जमावाच्या मारहाणीत मृत्यू झाला होता. सासरे ती गोष्ट दिवाळीला सांगत नाहीत.

आता एच-१बी व्हिसाचे पाहा. २०२४ च्या डिसेंबरात ट्रम्प यांच्याच समर्थकांत यावरून जुंपली: एकीकडे तंत्रज्ञान उद्योगातले धनाढ्य, दुसरीकडे आपल्या नोकऱ्या स्वस्त परदेशी लोकांना दिल्या जातात म्हणणारे. नव्याने येणाऱ्याला आपल्याऐवजी कमी पगारात घेतात आणि जाता जाता त्यालाच काम शिकवायला लावतात, ही तक्रार मी एका कचेरीत ज्या माणसाकडून ऐकली तो माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षे बसत होता, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. व्हिसा मालकाच्या हातात असल्यामुळे नवा माणूस तोंड उघडू शकत नाही, हेही त्याला माहीत होते. तो नव्या माणसावर नव्हे, मालकावर चिडला होता. परंतु समाजमाध्यमांवर तीच तक्रार पोहोचली तेव्हा तिच्यात आमच्या अन्नाचा वास, आमचे देव आणि आमचे उच्चार आले होते. मालक कुठेच नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क आले तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या गटात पहिला प्रश्न आला तो असा, की आम्ही तर कायदेशीर आलो होतो, मग आम्हाला ‘त्या’ लोकांच्या पंक्तीत का बसवता?

खवचट काका

आठ डॉलर यांचा प्रतिसाद वाचून माझे कान थोडे गरम झाले, कारण ती दिवाळीची गोष्ट मीही सांगतो. पण एक शंका उरते. टेक्सासमधली स्टार काउंटी, मेक्सिकोच्या सीमेवरची, जिथे जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक आहे, तिने २०२४ मध्ये ट्रम्प यांना मते दिली. शंभराहून अधिक वर्षांत तिथे रिपब्लिकन उमेदवार प्रथमच जिंकला. गोऱ्या वर्णाच्या कैफियतीत हे कसे बसवणार?

आडगावकर

बसत नाही, आणि मी ते ओढूनताणून बसवणार नाही. महागाई, सीमेवर नव्याने येणाऱ्यांबद्दल आधी आलेल्यांचा राग, तेलक्षेत्रातल्या आणि सीमा पोलिसांतल्या नोकऱ्या, अशी कारणे तिथले लोक स्वतः सांगतात. ‘मधला माणूस’ होण्याची मुभा आता अधिक लोकांना मिळू लागली आहे, असे मला वाटते. आयरिश आणि इटालियन लोकांनाही ती एकेकाळी नव्हती. आठ डॉलर यांच्या सासऱ्यांनी ती स्वतःच घेतली.

मिशिगनकर

उलट दिशेचे एक उदाहरण देऊन थांबतो. १९६९ मध्ये शिकागोत ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ पक्षाच्या फ्रेड हॅम्प्टन यांनी पोर्तोरिकन तरुणांच्या यंग लॉर्ड्सना आणि अपटाउन भागात राहणाऱ्या, ॲपलाचिया पर्वतराजीतून आलेल्या गरीब गोऱ्यांच्या यंग पेट्रियट्सना एकत्र आणले होते. त्या गोऱ्या पोरांच्या जॅकेटवर गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा शिवलेला असे, आणि पँथर त्यांच्याशेजारी बसून घरमालकांच्या आणि पोलिसांच्या जाचाविषयी बोलत. ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे पोलिसांच्या छाप्यात हॅम्प्टन बिछान्यातच मारले गेले. वय एकवीस. वॉटसनला मोहीम हरल्यावर बदलायला चौदा वर्षे मिळाली होती.

सांजवात

आडगावकर, त्या वॉटसनचे पुढे काय झाले?

आडगावकर

१९२२ मध्ये सिनेटर असतानाच वारला. अटलांटात जॉर्जियाच्या विधानभवनासमोर त्याचा पुतळा उभा राहिला, मूठ उगारलेला, आणि खाली कोरले गेले की हा न्यायाचा कैवारी आपल्या ध्येयापासून कधीही ढळला नाही. त्यातले ‘कधीही ढळला नाही’ हे शब्द नेमके कोणत्या वॉटसनबद्दल आहेत हे शिळेवर लिहिलेले नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात तो तिथून काढून रस्त्यापलीकडच्या बागेत नेऊन ठेवला गेला. पुष्कळांनी वर्षानुवर्षे त्याविरुद्ध मागणी केली होती, पण अधिकृत कारण असे देण्यात आले की विधानभवनाच्या पायऱ्यांची दुरुस्ती करायची आहे.